कारभारीनानांच्या घरचं रस्टिकेट

मला फक्त एका शब्दाचा अर्थ सांगायचा होता. तोही क्रियापदाचा. नाम असतं तर गोष्ट वेगळी होती. नाम बिचारं दिल्या जागी बसून राहतं. क्रियापदाला मात्र काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत होतो, पण मला स्वतःला ते पंच्याण्णव सालच्या दिवाळीतच कळलं.

तेव्हा मी नेवासा तालुक्यात चिंचखडी नावाच्या गावी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. मी मूळचा नगरचा. आमच्या संस्थेनं मला चिंचखडीला टाकलं आणि बहुधा ती विसरून गेली. आठवण करून द्यायला मी दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज करायचो. कारणाच्या ठिकाणी लिहायचो, 'खेडेगावात राहावे लागत असल्याने होणारी कुचंबणा'. 'कुचंबणा' हा शब्द मला आवडायचा. तो अर्ज फाट्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकायला आमचे घरमालक कारभारीनाना नेत असत. सायकल त्यांची, पेटीही त्यांच्याच वाटेवर. "टाकला बरं का सर," असं ते परत आल्यावर आवर्जून सांगत.

नानांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. मागे नाना, त्यांच्या पत्नी मालनबाई, दोन म्हशी आणि थोडा ऊस-कांदा. मुलगा नितीन नगरला कॉलेजात. नाना चौथी शिकलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी शब्दांविषयी त्यांच्या मनात देवादिकांबद्दल असावा तसा आदर होता. संध्याकाळी ओट्यावर बसले की ते मला एखादा शब्द विचारत. "सर, प्रपोजल म्हंजी काय वो? फॅक्टरीत परवा कुनीतरी म्हनलं." मी सांगायचो. मग पुढचा आठवडाभर म्हशीच्या पेंडीपासून पाटाच्या पाण्यापर्यंत सगळ्याचं प्रपोजल व्हायचं. माझ्या इंग्रजीला माझ्या बायकोनं, हेडसरांनी किंवा संस्थेनं कधी दिला नाही एवढा मान त्या ओट्यावर मिळाला. मला त्याची सवय लागली होती हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नवरात्र सुरू झालं त्या दिवशी नितीन पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. परीक्षा नाही, सुट्टी नाही, आणि हा ट्रंकेसकट. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो.

"मधीच कसा रं आलास?" मालनबाईंनी विचारलं.

नितीननं खाली मान घालून सांगितलं, "मला रस्टिकेट केलं."

नितीनच्या बाजूनं एवढं म्हणावंच लागेल की तो खोटं बोलला नाही. त्यानं इंग्रजीत खरं सांगितलं, आणि इंग्रजीत खरं सांगितलं की आपल्याकडे ते कोणाच्या अंगाला लागत नाही. नानांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"परीक्षेच्या आधीच?" त्यांनी विचारलं.

"आधीच," नितीन म्हणाला.

"सर्टिफिकेट म्हाईत हुतं," नाना माझ्याकडे वळले. "रस्टिकेट नवीनच ऐकतोय. मोठं असतं का वो, सर?"

इथे मला 'नाना, त्याला काढलंय' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण नितीन बापाच्या पाठीमागून माझ्याकडे असा बघत होता की मी म्हणालो, "तसं ते सगळ्यांना होत नाही."

"सगळ्यांना न्हाई!" नाना मालनबाईंना म्हणाले. "ऐकलंस का? सगळ्यांना न्हाई!" आणि मालनबाई भाकरतुकडा आणायला आत धावल्या.

थोड्या वेळानं नितीननं मला गोठ्यामागे गाठलं. हकिगत अशी होती की वसतिगृहाच्या खोलीत विजेच्या शेगडीवर त्यानं कोंबडी शिजवली. कोंबडी गावरान होती, शिजायला वेळ लागला. शेजारच्या सभागृहात स्नेहसंमेलन चालू होतं आणि प्रमुख पाहुणे 'युवकांनी स्वतःचा प्रकाश स्वतः व्हावं' या वाक्यापर्यंत आले होते, तेवढ्यात सगळ्या आवाराचा फ्यूज उडाला. वासावरून शोध लागला.

"प्राचार्य म्हणाले, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत वडलांना घेऊन ये," नितीन म्हणाला. "त्यांनी माफी मागितली तर परत घेतो म्हणाले. नाहीतर वर्ष गेलं. सर, मला नाही जमणार नानांना सांगायला. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

'तुमचं ऐकतात' या वाक्यानं माझा घात केला. "उद्या सकाळी सांगतो," मी म्हणालो. "शांतपणे, नीट समजावून सांगतो."

आता, नीट समजावून सांगायचं म्हणजे शब्दाचं मूळ पाहायला हवं. हा शिक्षकाचा रोग आहे. घराला आग लागली तरी तो आधी 'आग' शब्दाची व्युत्पत्ती पाहील. मी ट्रंकेतून मोठा शब्दकोश काढला. त्यात त्या क्रियापदाचा पहिलाच अर्थ मला असा दिसला, की मी खाटेवर उठून बसलो. पहिला अर्थ होता 'खेड्यात जाऊन राहणे'. विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा अर्थ खाली, नंतरचा. मूळ लॅटिन. त्या भाषेत शेतशिवाराला, गावाकडच्या मोकळ्या मुलखाला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'रूस' असा काहीसा असावा. मी तो तेव्हा 'रस' वाचला. जुन्या काळी विलायतेतल्या विद्यापीठात पोरानं दंगा केला की त्याला काही दिवसांसाठी त्याच्या गावी पिटाळत, म्हणून त्या शिक्षेला हे नाव पडलं.

मी हे सगळं बायकोला, सीमाला, मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"अहो, मूळ काय करायचंय?" ती म्हणाली. "बापाला सांगा, पोराला हाकललंय, उद्या नगरला चला. संपलं."

"इतकं उघडंवाघडं नाही सांगता येत."

"मग झाकूनपाकून सांगा. पण सांगा."

सीमाचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि म्हणूनच ते ऐकणं जड जातं.

सकाळी मी वाक्य घोकून मागे गेलो तर नाना घरात नव्हते. ते फाट्यावर श्रीमंतच्या हॉटेलात गेले होते. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि श्रीमंत. श्रीमंत हा नावाला न शोभणारा, पण कुठल्याही विषयावर मत असलेला माणूस. मी पोचलो तेव्हा नानांनी पेढ्यांचा पुडा फोडला होता आणि श्रीमंत सांगत होता, "माझ्या मेव्हन्याच्या पोराला नुसतं सर्टिफिकेट मिळालं तर त्यानं ते काचंत लावलं. हे तर रस्टिकेट हाय."

"आले, सरच आले!" नाना म्हणाले. "सर, समद्यांला अर्थ सांगा."

बाकड्यांवरची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. सरपंच भिमाजीराव बशीतला चहा तसाच धरून थांबले. इतक्या लोकांसमोर बापाला पोराची बेअब्रू सांगायची का? मी विचार केला, आत्ता मूळ अर्थ सांगावा, दुसरा अर्थ एकांतात. क्रमही तोच होता, शब्दकोशातला.

"मूळ लॅटिन शब्द 'रस'," मी सुरुवात केली. "रस म्हणजे शेतशिवार."

"बरोबर हाय," श्रीमंत म्हणाला. "ऊस शिवारातच असतो."

"त्यावरून रस्टिकेट करणे. म्हणजे, मूळ अर्थानं, गावाकडे जाऊन राहणे."

मग सरपंचांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी कॉलेजनी पोरगं गावाला दिलं म्हना की!" त्यांचा आवाज भरून आला. "शिकल्याली समदी पोरं पुन्या-मुंबईला पळत्यात. एक तरी कॉलेज असं निघालं, जे म्हनतं जा बाबा, आधी गावाकडं जाऊन ऱ्हा. व्हय ना सर?"

मी मान हलवली. ती हो अशी हलवली की नाही अशी, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या मानेत तेव्हापासून थोडा दोष आहे.

त्यानंतर ते क्रियापद माझ्या हातात राहिलं नाही. दोन दिवसांत बनुबाई नावाच्या आजी नातवाचं मनगट धरून शाळेत आल्या. "माझ्या बी नातवाला रस्टिकेट करा. त्या नितीनपरीस काय कमी हाय का ह्यो?" हेडसर म्हणाले, "आजी, त्याला करायला माझी कधीच हरकत नव्हती." आजी समाधानानं गेल्या. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे. मी सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "तुमच्या घरमालकाचा प्रश्न आहे, तुम्ही निस्तरा. शाळेला यात ओढू नका." निस्तरायच्या गोष्टी नेहमी इंग्रजीच्या शिक्षकाकडेच का येतात, हे मी त्यांना विचारलं नाही.

ग्रामपंचायतीनं सत्कार ठरवला. कापडी फलक रंगवणारा पेंटर माझ्याकडे स्पेलिंग विचारायला आला, कारण सरपंचांना शब्द इंग्रजीतही हवा होता. मी ते अक्षर न अक्षर लिहून दिलं. बाकी काहीही म्हणा, शुद्धलेखनात मी तडजोड केली नाही. चावडीसमोर मंडप पडला. 'चि. नितीन हा रस्टिकेट झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन.' नितीनला फेटा बांधला होता आणि त्या फेट्याखाली त्याचा चेहरा फाशी दिलेल्या माणसासारखा दिसत होता. प्रमुख पाहुणा मीच. मी शेतीचं महत्त्व, लॅटिन भाषेचं महत्त्व आणि पुन्हा शेतीचं महत्त्व यावर बोलत असताना वीज गेली. माईक बंद. अंधारात माझ्या शेजारून कुजबूज आली, "या वेळी मी नाही, सर."

रोज संध्याकाळी नितीन मला नजरेनं विचारायचा, सांगितलं का? मी नजरेनंच सांगायचो, उद्या. सुट्टी जवळ येत चालली होती. शेवटी एका सकाळी मी शेतात गेलो. नाना उसाला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहून म्हणालो, "नाना, तो जो शब्द आहे ना, त्याचा आणखी एक अर्थ..."

"सर," त्यांनी फावडं चिखलात रोवलं. "तुमचे उपकार कसे फेडू? चाळीस वरसं मी बाजारात जातोय. आडत्यापुढं उभा ऱ्हायलो की तो म्हनतो, ए बाबा, सरक बाजूला. परवा गेलो तर मला म्हनला, या, रस्टिकेटचे वडील ना तुमी? बसा. खुर्ची दिली सर मला. कांदा त्याच भावानं घेतला, पन खुर्ची दिली."

ते चिखलात उभे होते आणि हसत होते. मी त्यांना कसं सांगणार होतो? माझ्यात धीर नव्हता हे तर खरंच, पण त्या खुर्चीतून त्यांना उठवणं मला जिवावर आलं, हेही तितकंच खरं. मी म्हणालो, "दुसरा अर्थही तसाच चांगला आहे." आणि घरी आलो.

सीमा माझ्याशी दिवसभर बोलली नाही. रात्रीची भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "त्या पोराचं वर्ष तुम्ही खाणार."

मग पंचायत समिती मध्ये आली. सरपंचांनी 'आदर्श युवक' म्हणून नितीनचं नाव तालुक्याला पाठवलं होतं. ते कागद परत आले. बाजूला शेरा होता, 'रस्टिकेटची सत्यप्रत जोडलेली नाही.' सरपंच नेवाशाला जाऊन त्या कारकुनाला भेटले. कारकुनाला तो शब्द माहीत नव्हता. पण आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कारकून कबूल करत नाही, तो कागद मागतो. "रस्टिकेट फर्स्ट क्लासमध्ये आहे की सेकंड, त्यावर सगळं अवलंबून आहे," असं त्यानं सरपंचांना ऐकवलं.

"मग नगरला जाऊन आनतो की," नाना म्हणाले. "सर, तुमी संगं चला. प्राचार्य सायबाशी इंग्रजीत बोलाया कोनतरी पायजे."

मी आनंदानं उडालोच. जायचं ठरलं तो कॉलेजला सुट्टी लागायचा दिवस होता, मुदतीतला शेवटचा का होईना. नानांनी कॉलेजात जायचं एवढंच तर हवं होतं! वाटेत एस.टी.त शेजारी बसून सगळं सांगीन, ते रागावतील, घोडेगावपर्यंत शांत होतील, आणि नगर येईपर्यंत माफीची तयारी होईल. नितीनला मी खूण केली. त्या दिवशी पहिल्यांदा तो नीट जेवला.

एस.टी.त दिवाळीची गर्दी. नानांना ड्रायव्हरमागे जागा मिळाली, मी मागच्या दारात कांद्याच्या गोणीवर एक पाय ठेवून उभा. मधे अख्खा तालुका. घोडेगावला गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, पण तीही पंक्चर होती. मला ही देवाची कृपा वाटली. नानांना चहाच्या टपरीकडे ओढत मी म्हणालो, "नाना, जरा महत्त्वाचं बोलायचंय." पण त्या दिवशी तिथे जनावरांचा बाजार, आणि नानांच्या ओळखीचा प्रत्येक माणूस त्या बाजारात आलेला. "हे आमचे सर. आमी नगरला चाललो, नितीनचं रस्टिकेट आनाया." म्हशींच्या शेपट्यांमधून मी त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो. दुसरी गाडी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि तीत आम्हाला उभं राहायलाही वेगवेगळ्या टोकांना जागा मिळाली.

स्टँडवरून कॉलेजपर्यंत मी नानांना जवळजवळ पळवत नेलं. पळताना दम लागतो, बोलता येत नाही. फाटकात मी थांबलो. "नाना, आत जायच्या आधी ऐका."

"आता आतच बोलू, बंद करतील," म्हणत ते पुढे गेलेही. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

कार्यालयात मुख्य कारकून कपाटाला कुलूप लावत होते. नानांनी पुडा पुढे केला, नमस्कार केला आणि म्हणाले, "नितीनचा बाप मी. त्याचं रस्टिकेट न्यायला आलोय. सत्यप्रत बी द्या एक, तालुक्याला पायजे."

कारकुनांनी पुन्हा विचारलं. नानांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग कारकुनांनी आतल्या दोघांना हाक मारली. "अहो, इकडे या. रस्टिकेटची सत्यप्रत मागताहेत. पेढे आणलेत!" तिघंही हसले. ती माणसं दुष्ट नव्हती. सुट्टी लागली होती आणि त्यांना हसू आलं, एवढंच. पण त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"बाबा, हाकललंय तुमच्या मुलाला," एक जण डोळे पुसत म्हणाला. "वर्षभर गावाकडे बस म्हणून सांगितलंय. ही शिक्षा आहे, शिक्षा."

"साहेब कुठे आहेत?" मी घाईनं विचारलं. "वडील आले आहेत. माफी..."

"साहेब आत्ताच गावी गेले. आज दिवसभर वाट पाहिली त्यांनी. दोनदा विचारलं मला, कोंबडीवाल्याचे वडील आले का म्हणून. आता नाव कमी झालं. पुढच्या जूनमध्ये या."

नाना माझ्याकडे वळले. रागानं नाही. रागानं वळले असते तर बरं झालं असतं.

"सर, तुमाला म्हाईत हुतं?"

मी म्हणालो, "मूळ अर्थ तसा..." एवढी वर्षं भाषा शिकवून मला पुढे काही सुचलं नाही.

नानांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. दोरा सोडला, कागद उघडला. "आनल्यातच तर घ्या," ते त्या तिघांना म्हणाले. "दिवाळी हाय." तिघांनी एकेक पेढा घेतला. आता त्यांतलं कोणी हसत नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. सबंध गाडी रिकामी होती. जेऊर मागे पडेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी नेहमी ओट्यावर विचारायचे तसंच विचारलं, "आता खरा अर्थ सांगा, सर."

मी सांगितला. विलायतेतलं विद्यापीठ, दंगा करणारी पोरं, त्यांना गावी पिटाळणं, सगळं. काही झाकलं नाही. कोंबडीही सांगितली आणि दिवाळीपर्यंतची मुदतही.

"म्हंजी वाईट वागलं की गावात जाऊन ऱ्हायचं," नाना म्हणाले. "ही शिक्षा."

"त्या काळी तसं होतं."

"मंग आमी जल्मापासून रस्टिकेटच की, सर." ते पुन्हा खिडकीकडे वळले. "आन आमी तर कोंबडी बी न्हाई शिजवली."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

घरी आल्यावर ते नितीनला ओरडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "उद्यापासून उसाला चल." गावात त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सरपंचांना सांगितलं, कॉलेज बंद होतं, राहू द्या ते बक्षीस. आडत्याच्या खुर्चीत त्यांना यापुढे बसवेना, म्हणून ते कांदा दुसऱ्या बाजारात नेऊ लागले. सत्काराचा फलक सोप्यात लावलेला होता. मालनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत आणि नाना तेवढ्यात उठून गोठ्याकडे जात. मालनबाईंना त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझ्याशी ते वाईट वागले नाहीत. दूध येत राहिलं, संक्रांतीला तिळगूळ आला. पण ओट्यावर बसणं संपलं. कधी मी आधी जाऊन बसलो तर ते "बसा सर, बसा," म्हणून आत जात. शब्द विचारणं तर बंदच झालं. एकदा मालनबाईंच्या औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला ते फाट्यावरच्या कंपाउंडरकडे गेले. मी ओट्यावर बसलेला असताना. माझ्यासमोरून. कंपाउंडरला इंग्रजी यथातथाच येतं, 'दोन वेळा' ऐवजी त्यानं 'दोन चमचे' सांगितलं, आणि मालनबाई दुपारभर झोपून राहिल्या. मला फार लागलं ते. माझ्या इंग्रजीचा असा अपमान कोणी केला नव्हता, आणि तो करायचा एवढा पुरेपूर हक्कही दुसऱ्या कोणाला नव्हता.

एप्रिलमध्ये मी बदलीचा अर्ज लिहिला. लिहिता लिहिता कारणाच्या ओळीवर थांबलो. शेवटी 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि स्वतःच फाट्यावर नेऊन टाकला. आणि काय आश्चर्य, इतकी वर्षं 'कुचंबणा' वाचून न हललेली संस्था या वेळी हलली. जूनच्या आरंभी नगरचा आदेश आला. आयुष्यभर याच दिवसाची वाट पाहिली होती असं मला वाटत असे. सीमा सामान बांधायला बसली आणि मालनबाईंनी दिलेली दुधाची पितळी कासंडी कशात बांधायची या प्रश्नावर एकाएकी रडायला लागली.

निरोपाचा समारंभ चावडीसमोरच झाला. हेडसर बोलले, सरपंच बोलले, श्रीमंत तर दोनदा बोलला. मग कोणीतरी म्हणालं, नानांनी बोलावं, सर त्यांच्याच घरात राहिले. नाना कधी माईकपुढे गेले नव्हते. ते उठले, टोपी सारखी केली.

"मला बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "सर आमच्याकडं लई वरसं ऱ्हायले. त्यांचा गुन्हा काईच नव्हता. तरी त्यांनी कधी तक्रार केली न्हाई. निदान आमच्या तोंडावर तरी न्हाई." लोक हसले. "अर्ज मी सवता नेऊन टाकायचो, म्हनून मला म्हाईत. आता त्यांचं रस्टिकेट संपलं. ते आपल्या घरी चालल्यात. त्यांला आपन समद्यांनी आनंदानं सोडू या."

गावाला अजून रस्टिकेट म्हणजे मोठा मान वाटत होता. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडपावरची पाखरं उडाली. "सरांचं बी रस्टिकेट झालं हुतं, बघा!" श्रीमंत शेजारच्याला सांगत होता. सबंध चिंचखडीत नानांच्या बोलण्याचा खरा रोख फक्त दोन माणसांना कळला होता. त्यांतलं एक हार घालायला दुसऱ्यापुढे उभं होतं. नानांनी माझ्या गळ्यात हार घातला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी हाराकडे बघत राहिलो.

टेम्पोत सामान चढवायला नाना आणि नितीन दोघेही होते. नितीन त्याच आठवड्यात परत कॉलेजात जाणार होता. एक वर्ष मागे राहून, पण जाणार होता. सीमा पुढे बसली. मी चढणार तेवढ्यात नानांनी टेम्पोचं दार धरलं.

"सर, कधीमधी या गावाकडं," ते म्हणाले. "शिक्षा म्हनून नगं. असंच या."

मी "येतो" म्हणालो. नगरहून चिंचखडीला रोज एस.टी. आहे. मी अजून गेलेलो नाही.